सतरा सप्टेंबर ते सव्वीस जानेवारी: अपिलाच्या सीमेवरचा मराठवाडा

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरकडच्या शाळा-महाविद्यालयांतून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. भाषणांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. निजामाची राजवट, स्टेट काँग्रेसचा लढा, स्वामी रामानंद तीर्थ, रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरचे कॅम्प, आणि शेवटी पोलिस ॲक्शन. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, हे वाक्य उच्चारले की गोष्ट संपते. त्या दिवसापासून २६ जानेवारी १९५० पर्यंतचे सोळा महिने मात्र आपल्या कथनात जवळजवळ नसतात. आम्हाला या लेखात त्या सोळा महिन्यांकडे न्यायालयाच्या दारातून पाहायचे आहे. फौजदारी खटल्यात वरच्या न्यायालयाचा अधिकार कोठवर पोचतो आणि कोठे थांबतो, हा कायद्याच्या वर्गातला रुक्ष वाटणारा प्रश्न या मुलखात एकेकाळी फाशी आणि सुटका यांच्यामधला प्रश्न होता.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नात का शिरावे, अशी शंका येथे येऊ शकेल. आम्हाला वाटते, अपील ऐकणारा न्यायाधीश हा मूलतः वाचक असतो. साक्षीदाराचा चेहरा, त्याचे अडखळणे, प्रश्न येताच खाली गेलेली नजर, हे सारे खालच्या न्यायाधीशाने पाहिलेले असते. वरच्या न्यायाधीशापुढे येते ती संहिता, म्हणजे खटल्याचे कागद. जुन्या हैदराबाद संस्थानात या संहितेला आणखी एक पदर होता. तेथील न्यायालयांची भाषा उर्दू. नांदेड भागातल्या शेतकऱ्याने मराठीत, नलगोंड्याच्या शेतमजुराने तेलुगूत सांगितलेली हकीकत मिसलीत उर्दूत उतरायची, आणि खटला पुढे दिल्लीपर्यंत गेला तर तीच हकीकत इंग्रजीत वाचली जायची. भाषांतराच्या भाषांतरावरून एखाद्याचा जीव घ्यायचा की ठेवायचा हे ठरवताना वाचकाने स्वतःला काही बंधने घालून घ्यावीत, हे साहित्याच्या माणसाला तरी पटायला हरकत नसावी.

आधी न्यायालयांची उतरंड पाहू. आजचे लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. लातूर हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. नांदेड आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील फौजदारी खटल्याचा प्रवास जिल्ह्याच्या ठिकाणाहून हैदराबादच्या उच्च न्यायालयाकडे आणि तेथून शेवटी राज्याच्या न्यायिक समितीकडे, म्हणजे ‘जुडिशियल कमिटी’कडे, होत असे. शेजारच्या सोलापूरला ब्रिटिश अंमल होता. तेथल्या आरोपीला निदान तत्त्वतः लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागता येत असे. लातूरच्या आरोपीचा रस्ता हैदराबादेतच संपायचा. दोन गावांतले अंतर एका दिवसाच्या प्रवासाचे, पण अपिलाच्या दृष्टीने ती दोन निराळी जगे होती.

पोलिस ॲक्शननंतर हैदराबादचा कारभार लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे आला. त्यांच्या राजवटीत विशेष न्यायाधिकरणे स्थापन करणारा विनियम निघाला आणि त्याच्यावर साल पडले ते फसली १३५८चे. नव्या सत्तेचा कायदा जुन्या सत्तेच्या कालगणनेत निघावा, यातच त्या सोळा महिन्यांचे स्वरूप आले. या न्यायाधिकरणांपुढे दोन परस्परविरोधी गट उभे करण्यात आले. एका बाजूला रझाकार आणि निजामाच्या राजवटीतले काही अधिकारी, दुसऱ्या बाजूला तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढ्यातले कम्युनिस्ट. एकमेकांचे हाडवैरी असलेले हे दोन्ही पक्ष पुढे एकाच दाराशी येऊन थांबले. ते दार होते दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचे.

पहिला खटला कम्युनिस्टांचा. कायद्याच्या ग्रंथांत तो ‘जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य’ या नावाने ओळखला जातो. तेलंगणातील बारा जणांना विशेष न्यायाधिकरणाने १९४९ साली फाशीची शिक्षा दिली होती. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने त्यांची अपिले फेटाळली ती डिसेंबर १९४९ मध्ये. त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयही आले. घटनेच्या १३६व्या कलमाने या न्यायालयाला भारताच्या राज्यक्षेत्रातील कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध विशेष परवानगीने अपील ऐकण्याचा अधिकार दिला आहे. याहून व्यापक शब्दरचना शोधून सापडायची नाही. बारा जणांनी त्या शब्दांवर भिस्त ठेवली.

डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की हे अपील ऐकण्याचा अधिकार आम्हाला नाही. कारण असे की, ज्या दिवशी हैदराबादच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला त्या दिवशी ते न्यायालय ‘भारताच्या राज्यक्षेत्रातील न्यायालय’ नव्हते. राज्यघटनेचा अंमल तिच्या प्रारंभापासून पुढे चालतो, मागे जात नाही. घटनेच्या ३७४व्या कलमात संस्थानांच्या न्यायिक समित्यांपुढे प्रलंबित असलेली प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवण्याची तरतूद होती खरी, पण या बारा जणांचे कोणतेही अपील त्या दिवशी समितीपुढे प्रलंबित नव्हते. एक दार बंद झाले होते, दुसरे अजून उघडले नव्हते, आणि ही माणसे दोन दारांमधल्या पडवीत सापडली.

मराठवाड्याच्या वाचकाने या निकालापाशी जरा थांबावे, असे आम्हाला वाटते. आपण म्हणतो, १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण भारतात आलो. देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते, अपिलाच्या अधिकारापुरते हैदराबाद २६ जानेवारी १९५० पर्यंत भारताच्या राज्यक्षेत्राबाहेर होते. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. पहिले विधान लोकांच्या स्मृतीचे, दुसरे संहितेचे. त्या दोहोंमधल्या सोळा महिन्यांत ज्याचा निकाल अंतिम झाला, त्याच्या वाट्याला स्मृतीतले स्वातंत्र्य आले, संहितेतले आले नाही.

याच माणसांनी नंतर ‘हेबियस कॉर्पस’च्या मार्गाने पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या बाजूने लंडनचे बॅरिस्टर डी. एन. प्रिट उभे राहिले. आपल्याला खटल्यात वकील मिळाला नाही, असा गंभीर आक्षेप या वेळी होता. मार्च १९५१ मध्ये न्यायालयाने हेही मान्य केले नाही. अधिकार असलेल्या न्यायालयाने दिलेला निकाल चुकीचा असू शकतो. पण ती चूक दुरुस्त करण्याचा मार्ग अपिलाचा, कैदेची वैधता तपासणाऱ्या याचिकेतून तो निकाल पुन्हा उकलता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. अपिलाचा रस्ता तर आधीच बंद झालेला. तर्काच्या दृष्टीने दोन्ही निकाल सुसंगत आहेत, आणि तरीही ते एकापाठोपाठ वाचताना अस्वस्थ व्हायला होते. त्या बाराजणांची फाशी पुढे टळली, शिक्षा जन्मठेपेवर आल्या. पण ते अपिलाच्या मार्गाने घडले नाही.

आता दुसऱ्या बाजूचा माणूस पाहू. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा. मराठवाड्याच्या घराघरांत हे नाव आजही दहशतीची आठवण म्हणून घेतले जाते, आणि त्याला कारणही तसेच आहे. पोलिस ॲक्शननंतर रझवीवर जो खटला चालला तो जानेवारी १९४८ मध्ये बीबीनगर येथे झालेल्या लुटीचा; कलम दरोड्याचे. येथे सहज आठवते की त्याच जानेवारी महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला होता आणि लुटलेला पैसा लढ्याच्या कामी लावला होता. निजामी कायद्याच्या नजरेने पाहिले तर उमरीही दरोडाच. इतिहास या दोन घटनांना एका मापाने मोजत नाही आणि मोजूही नये. पण दंडसंहितेच्या कलमात हेतूची ही सारी थोरवी मावत नाही, आणि कोणाची कृती न्यायालयापुढे जाते व कोणाची जात नाही, हे पुष्कळदा सत्ता कोणाच्या हाती आहे त्यावरून ठरते. उमरीच्या कार्यकर्त्यांचे राज्य आले, रझवीचे गेले.

रझवीचा खटला राज्यघटनेच्या दोन्ही काठांवर पाय ठेवून चालला. तो सुरू झाला राज्यघटनेपूर्वी, आणि न्यायाधिकरणाचा निकाल लागला सप्टेंबर १९५० मध्ये. म्हणजे जनार्दन रेड्डी प्रकरणात जो काळ आड आला तो येथे आडवा येत नव्हता. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने दरोड्याबद्दलची शिक्षा कायम केल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एकेकाळी भारतात विलीन होण्याला प्राणपणाने विरोध करणारा हा वकील आता भारताच्या राज्यघटनेतील समानतेचे १४वे कलम घेऊन उभा होता. नेहमीच्या आरोपीला मिळणारी कार्यपद्धती मला मिळाली नाही, हे त्याचे म्हणणे.

जानेवारी १९५३ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती मुखर्जी यांच्यासह तिघांच्या बहुमताने असे ठरवले की विनियम कागदावर कसाही असला, तरी २६ जानेवारी १९५० नंतर प्रत्यक्षात चाललेली पद्धत नेहमीच्या खटल्याहून मूलतः वेगळी होती का, हे पाहायचे; आणि ती तशी नव्हती. शिक्षा कायम राहिली. पण पाचपैकी दोघांनी, न्यायमूर्ती गुलाम हसन आणि न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, या मताशी असहमती नोंदवली. व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. देशात रझवीविषयी सहानुभूती बाळगणारे फारच थोडे असतील अशा काळात, समानतेचे कलम या माणसालाही पुरतेपणी लागू झाले पाहिजे, असे म्हणणारे दोन न्यायमूर्ती त्या खंडपीठावर होते, ही गोष्ट १७ सप्टेंबरच्या भाषणात यायला हवी. रझवी १९५७ साली सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० साली कराचीत मरण पावला, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्याच्या खटल्यात आपल्या प्रजासत्ताकाने स्वतःला कोणता प्रश्न विचारला हे ठाऊक नसते.

तिसरे प्रकरण या दोहोंवर प्रकाश टाकणारे आहे. हबीब मोहम्मद हा निजामाच्या राजवटीतला वरंगळकडील वरिष्ठ अधिकारी. १९४७च्या अखेरीस एका गावात झालेल्या जाळपोळ-हत्येबद्दल त्याला दोषी धरण्यात आले होते. १९५३च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या कलमावरचा त्याचा आक्षेप रझवीच्या निकालाचाच धागा पकडून फेटाळला. ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने पुराव्याच्या मुद्द्यावर त्याची निर्दोष मुक्तता केली. घटनास्थळी त्याच्याबरोबर असलेल्या पोलिस अधिकाऱ्याची, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या साक्षीदाराची, साक्ष सरकार पक्षाने काढलीच नव्हती; बचावाला साक्षीदार बोलावण्याची पुरेशी मुभाही मिळाली नव्हती. हा निकाल पुढे भारतभरच्या सत्र न्यायालयांत वकिलांच्या तोंडी राहिला. महत्त्वाचा साक्षीदार दडवला तर त्याचा अर्थ सरकार पक्षाविरुद्ध लावता येतो, हे सांगताना त्याचा दाखला दिला जातो.

या तिन्ही प्रकरणांतून अपिलीय अधिकाराच्या तीन सीमा दिसतात. पहिली काळाची: ज्या दिवशी अधिकार जन्मला त्याच्या मागे त्याला जाता येत नाही. दुसरी मार्गाची: अपिलाचे काम दुसऱ्या नावाच्या याचिकेतून करून घेता येत नाही. तिसरी कागदाची: वरच्या न्यायालयाने मिसलीत आहे तेवढेच वाचायचे, पण मिसलीत जे असायला हवे होते आणि नाही, तेही वाचायचे. हबीब मोहम्मद सुटला तो या तिसऱ्या सीमेच्या आत राहून केलेल्या बारकाईच्या वाचनाने. संहितेतील अनुपस्थिती हाही अर्थाचा भाग असतो, हे आपण समीक्षेच्या तासाला शिकवतो. न्यायालयाने ते एका माणसाच्या बाबतीत करून दाखवले.

चौथी सीमा मात्र सर्वांत कठोर आहे, आणि ती थेट नांदेड-लातूरशी निगडित आहे. वरच्या न्यायालयापुढे तेच येते जे खाली कोणीतरी दाखल केले. पोलिस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानात मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली होती. तिने सर्वाधिक झळ पोचलेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत. उरलेले दोन गुलबर्गा आणि बीदर. संपूर्ण संस्थानातील मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३च्या सुमारास तो अभ्यासकांना दिल्लीत पाहायला मिळू लागला. वर सांगितलेल्या निकालपत्रांत या मृत्यूंना जागा नाही, कारण ती प्रकरणेच वेगळी होती. रझाकारांनी मारलेल्यांचे दुःख आमच्या आजी-आजोबांनी आम्हाला सांगितले. त्यानंतर मारल्या गेलेल्यांचे दुःख सांगणारी घरे बोलली नाहीत, किंवा आम्ही ऐकली नाहीत. न्यायालय मिसलीच्या बाहेर जाऊ शकत नाही. इतिहासाच्या वाचकावर असे बंधन नाही, म्हणून त्याची सबबही नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. १९५१ साली भारताची १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबादला लागू झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि नांदेडच्या आरोपीचे अपील हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागले. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले, त्याला दिलेले आव्हान १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, आणि अपिलाचा रस्ता निदान भूगोलाच्या दृष्टीने आखूड झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आहे, तरी अपिलीय न्यायालयाच्या अधिकारांची चौकट जुनीच आहे. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. पुनरीक्षणात उच्च न्यायालयाला निर्दोष सुटलेल्याला थेट दोषी ठरवता येत नाही. सुटकेविरुद्धच्या अपिलात पुरावा पुन्हा तपासता येतो, पण दोन अर्थ संभवत असतील तर खालच्या न्यायालयाने आरोपीच्या बाजूने लावलेला अर्थ सहसा मोडायचा नाही.

या सीमा का असाव्यात, याचे उत्तर एका अलीकडच्या खटल्याने दिले. २००३ साली एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला. सत्र न्यायालयाने २००६ साली सहा जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने या तिघांचीही फाशी परत आणली. आणि २०१९ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा सुनावणी घेऊन, सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. कागद तेच होते. वाचक बदलले, वाचन बदलले. २००९च्या वाचनानंतर शिक्षा अमलात आली असती, तर २०१९चे वाचन कोणासाठी झाले असते?

जनार्दन रेड्डी प्रकरणातला निकाल कायद्याने योग्य होता, असे आम्हाला अजूनही वाटते. न्यायालयाने आपल्या जन्मतारखेच्या मागे हात पोचवला असता, तर उद्या तोच हात कोणाच्याही सुटकेवर पडला असता. पण सीमा मान्य करणे आणि सीमेपलीकडच्या माणसाला विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालय जेथे थांबले तेथून पुढे त्या बाराजणांचा जीव वाचवण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागले, आणि ते झाले. लातूर-नांदेडच्या न झालेल्या मिसलींचे काम तसेच पडून आहे. नरहर कुरुंदकरांसारखा लेखक ज्या नांदेडात राहून या संग्रामाविषयी लिहीत राहिला, त्या गावच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी पुढच्या १७ सप्टेंबरला गोष्ट आणखी सोळा महिने पुढे न्यावी, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे.